चारशेची लेन्स राहू दे, आधी जमिनीवर बस

"सर, मी नाशिकचा, वय २६. दादाच्या स्टुडिओत लग्नाचे फोटो काढतो. शाळेपासून बास्केटबॉलचं वेड, त्यामुळे एका व्यावसायिक लीगचे तीन सामने टिपायचं काम चालून आलं तेव्हा लगेच हो म्हणालो. सामने बंदिस्त हॉलमध्ये, संध्याकाळी. पहिल्या सामन्यात साडेअकराशे फोटो काढले, संयोजकांनी त्यातले नऊ घेतले. बहुतेक हललेले. काही पिवळे, तर लगेच पुढचाच हिरवट. काहींवर आडवे काळे पट्टे. एका फोटोत चेंडू अंड्यासारखा लांबट आलाय. काळ्या जर्सीवाल्यांचे चेहरे उडालेले, पांढऱ्या जर्सीवाल्यांचे काळवंडलेले. फ्लॅश लावला तर पंचांनी दुसऱ्याच मिनिटाला बंद करायला लावला. माझ्याकडे कॅननची आर-सिक्स, २४-१०५ एफ ४, ८५ एफ १.८ आणि दादाची जुनी ७०-२०० एफ २.८ आहे. अमेरिकेच्या एनबीए लीगचे फोटो बघितले की वाटतं, आपलं सामानच कमी पडतंय. कर्ज काढून ४०० एफ २.८ घ्यायची म्हणतोय. दादा म्हणतो, वेड लागलंय का. दोन सामने बाकी आहेत. काय करू?"
– एक वाचक, नाशिक

वयाने तू माझ्या भाच्याएवढा असशील, म्हणून अरे-तुरे करतो. राग मानू नकोस.

दादा बरोबर बोलतोय. (इतर वाचकांसाठी: लेन्सचा पहिला आकडा मिलिमीटरचा, तो मोठा तेवढं दूरचं जवळ दिसतं; एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त.) ती लेन्स वाईट आहे असं नाही, माझ्या हातात कोणी दिली तर मी नको म्हणणार नाही. पण तिची किंमत दहा लाखांच्या वर, वजन जवळजवळ तीन किलो, आणि तू जिथे बसणार आहेस तिथे तिचा उपयोग शून्य. कागद घे आणि हिशोब कर. कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. रेषेपासून दोन मीटरपर्यंत कोणी बसायचं नाही, असा नियम. म्हणजे तू बेसलाइनच्या मागे दोन मीटरवर, रिंगच्या एका बाजूला तीन-चार मीटर सरकून बसलास, तर रिंग तुझ्यापासून पाच मीटरच्या आसपास येते. पाच मीटरवर ४०० ची लेन्स कॅमेरा उभा धरूनही जेमतेम ४५ सेंटिमीटर उंचीचा तुकडा दाखवते. खेळाडू डंक मारतोय, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबतोय, आणि तुझ्या फ्रेममध्ये त्याची हनुवटी आणि अर्धा खांदा! तीच जागा, लेन्स ३५ मिलिमीटरला, की पाच मीटर उंची मावते. म्हणजे खेळाडू, रिंग, बोर्ड, सगळं. ती लेन्स तुझ्या बॅगेत आहेच.

सामान कमी पडतंय असं तुला का वाटतं, तेही कळतं मला. एनबीएचे फोटो बघितलेस ना? घामाचा थेंब न थेंब दिसतो, काळ्याभोर जर्सीतली शिवण दिसते, कुठे कण नाही. ते बघून आपल्या कॅमेऱ्याची कीव येते. पण ते फोटो हॉलच्या दिव्यांत काढलेले नसतात रे. अमेरिकेतल्या बऱ्याच एनबीए एरिनांमध्ये छताजवळच्या कॅटवॉकवर, म्हणजे अरुंद पुलांवर, मोठमोठे स्ट्रोब, म्हणजे फ्लॅशचे दिवे, टांगलेले असतात. खाली बसलेला फोटोग्राफर बटण दाबतो, रेडिओवरून वर संदेश जातो आणि क्षणभर पूर्ण कोर्टावर वीज चमकावी तसा उजेड पडतो. तो इतक्या उंचावरून आणि चहूबाजूंनी येतो की खेळाडूंच्या डोळ्यांवर येत नाही. तुझा फ्लॅश मात्र रिंगकडे मुसंडी मारत येणाऱ्या गार्डच्या, म्हणजे चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूच्या, थेट बुबुळात गेला असणार. पंचांनी कॅमेरा काढून घेतला नाही हे नशीब समज.

आणि या श्रीमंतीला एक किंमत आहे, ती ऐकलीस तर तुला जरा बरं वाटेल. असा मोठा स्ट्रोब एकदा उडाला की पुन्हा भरायला काही सेकंद लागतात. म्हणजे बर्स्ट, एका दमात अनेक फोटो, नाही. एका चालीला एक फोटो. रिंगजवळ पाच हात वर गेलेत, त्यातला चेंडूला कुठला लागणार हे ठरायच्या क्षणी बोट दाबायचं. चुकलं तर चुकलं. लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचे फोटो दशकानुदशकं काढणारा अँड्र्यू बर्नस्टीन आणि त्याच्या पिढीचे लोक या एका फोटोच्या शिस्तीत तयार झाले. तू साडेअकराशे काढलेस. आकडा वाचून मी पंख्याकडे बघत बसलो होतो थोडा वेळ.

आता तुझ्या तक्रारी. तू सगळ्या एका पोत्यात भरल्यास आणि पोत्यावर 'सामान' असं लिहून टाकलंस. जरा वेगळ्या काढू.

अंड्यासारखा चेंडू आणि आडवे पट्टे ही एकाच आईची दोन लेकरं. तू आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं होतंस ना? लग्नात गुरुजी मंत्र म्हणत असताना ते बरं असतं. त्या शटरमध्ये तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर पूर्ण फोटो एकदम वाचत नाही. वरून खाली, ओळीओळीने वाचत जातो. वाचून होईपर्यंत चेंडू पुढे सरकलेला असतो, म्हणून वरचा भाग एका जागी आणि खालचा दुसऱ्या. तेवढ्याच वेळात दिवेही एक-दोनदा मंद होऊन पुन्हा तेज होतात, त्याचे पट्टे उमटतात. मेकॅनिकल शटर लाव, दोन्ही दुखणी बहुतेक जातील. तुझी आर-सिक्स त्यातही सेकंदाला बारा फोटो काढते. हॉलमध्ये एवढा गोंगाट असतो की तुझ्या शटरची टकटक शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही. सेन्सर एकाच क्षणी संपूर्ण वाचणारे कॅमेरे निघालेत, सोनीने २०२३ मध्ये तसा एक जाहीर केला. त्याच्या किमतीबद्दल दादाशी बोलू नकोस.

पिवळा-हिरवा हे दुखणं आपल्या विजेचं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुने डिस्चार्जचे दिवे आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही. पण तू १/१००० सेकंदाचा शटर स्पीड लावलास की तुझा फोटो त्या लाटेचा एक दशांश तुकडा उचलतो. कधी माथा मिळतो, कधी खड्डा. जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांत तर खड्ड्यात रंगही बदलतो. म्हणून एक पिवळा, पुढचा हिरवट. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे हेच सेकंदाला १२० वेळा होतं. ज्या हॉलमध्ये दिवे तिन्ही फेजवर नीट वाटून लावलेले असतात तिथे एकाच्या खड्ड्यात दुसऱ्याचा माथा येतो आणि त्रास कमी होतो. पण दिवे कोणत्या फेजवर आहेत हे हॉलच्या वायरमनला विचारायला गेलास तर तो तुझ्याकडे कसा बघेल ते मी अनुभवलंय.

उपाय मेनूमध्येच आहे. अँटी-फ्लिकर नावाची सोय शोध आणि मेकॅनिकल शटरबरोबर सुरू कर. कॅमेरा लाटेचा माथा येईपर्यंत किंचित थांबतो आणि मगच शटर उघडतो. बर्स्ट थोडा मंदावतो, बिघडत काही नाही. पारख करायची असेल तर सामन्याआधी एखादी पांढरी भिंत धर, १/१००० ला वीस-तीस फोटो एका दमात काढ आणि भराभर मागे सरकवत बघ. भिंत लुकलुकली की समज.

काळी जर्सी, पांढरी जर्सी हे तुझं तुलाच कळायला हवं होतं, कारण काळा सूट घातलेला नवरदेव आणि पांढऱ्या साडीतली नवरी तू रोज टिपतोस. कॅमेरा ऑटोवर ठेवला की तो समोरच्या कापडाकडे बघून उजेड ठरवतो. काळं दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे. इथून पुढे हॉलमध्ये पूर्ण मॅन्युअल. आयएसओसुद्धा, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता.

हललेल्यांचं कारण तू लिहिलं नाहीस, पण एफ ४ वर ऑटोत तुझा स्पीड १/२५० च्या आसपास घसरला असणार. चेंडू सेकंदाला आठ मीटर जातोय असं धर. १/२५० मध्ये तो तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकतो, १/१००० मध्ये एक सेंटिमीटरच्या आत. तेव्हा १/१००० च्या खाली उतरायचं नाही, अगदीच नाइलाज झाला तर १/८००. त्यासाठी उजेड आणायचा कुठून? ८५ ची लेन्स एफ १.८ वर एफ ४ च्या जवळजवळ पाचपट उजेड आत घेते. दादाची ७०-२०० दुप्पट घेते. उरलेलं आयएसओवर ढकल. ३२००, ६४००, लागलं तर त्याच्याही वर. कण येतील. येऊ देत! कण दिसणारा फोटो वर्तमानपत्रात छापून येतो आणि आजकाल सॉफ्टवेअर बरेचसे कण पुसतंही. हललेला चेहरा कोणतंही सॉफ्टवेअर सरळ करत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. बाकी सगळं विसरलास तरी चालेल.

बाहेर मैदानावर सूर्य कलतो, ढग येतो, सावली सरकते. उजेडाशी भांडण शेवटपर्यंत चालतं. हॉलमध्ये कोणीतरी बटण दाबतं आणि तोच दिवा दोन तास तसाच राहतो. लुकलुकतो, पण एकाच चालीत लुकलुकतो. म्हणजे हे भांडण सामना सुरू व्हायच्या आधी मिटवून टाकता येतं, आणि मिटवायलाच हवं. एकदा खेळ सुरू झाला की कॅमेऱ्याच्या आकड्यांकडे बघायचं नाही. तुझी पहिल्या सामन्यातली चूक लेन्सची नव्हती. चेंडू एका टोकाला आणि तू स्क्रीनवर मागचा फोटो पिवळा का आला ते बघतोयस, असं चाललं असणार. खरं की नाही?

तेव्हा सामन्याच्या तासभर आधी पोच. खेळाडू सराव करत असतात तेव्हा कोर्टाभोवती फीर. रिंगखाली, फ्री थ्रोच्या रेषेवर, मध्यावर, कोपऱ्यात, चार-पाच ठिकाणी माणसाच्या चेहऱ्यावरचा उजेड मोज. आपल्याकडचे बरेच हॉल बहुउपयोगी असतात, सकाळी बॅडमिंटन, संध्याकाळी बास्केटबॉल, मधल्या दिवशी कोणाचा तरी सत्कार. बॅडमिंटनवाल्यांना वर बघताना डोळ्यांत दिवा नको असतो, म्हणून दिवे कडेला लावलेले असतात. अशा हॉलमध्ये रिंगखालची जागा मध्यापेक्षा चांगलीच काळोखी निघू शकते. आणि तुझे निम्मे फोटो तिथलेच असणार. मग आकडे तिथल्या चेहऱ्यांसाठी लाव, मध्यावरचे जरा उजळ आले तर रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फोटोतून, खाली ओढता येतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ग्रे कार्डवर धर. ते नसेल तर साधा पांढरा कागद चालेल, फक्त त्यावर लीगच्या प्रायोजकाचं रंगीत चित्र नको. हे झालं की एका चिकटपट्टीवर स्पीड, अ‍ॅपर्चर, आयएसओ पेनाने लिही आणि ती कॅमेऱ्याच्या मागे चिकटव. गर्दीत कधी चाक फिरतं, कळत नाही. पट्टी बघायची आणि परत आणायचं.

मी हे कसं शिकलो तेही सांगून टाकतो. खूप वर्षांपूर्वी, फिल्मच्या दिवसांत, एका जिल्ह्याच्या गावी आंतरराज्य स्पर्धेची अंतिम लढत होती. मी आदल्या दिवशीच्या हॉलचे आकडे डोक्यात धरून गेलो आणि तसेच ठेवले. त्या दिवशी हॉलमधली दिव्यांची एक अख्खी रांग बंद होती. छत्तीसचे चार रोल, सगळे दोन स्टॉप काळे, म्हणजे हवा त्याच्या चौथा हिस्साच उजेड मिळालेले. संपादकांनी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी क्रीडा पानावर विजेत्या संघाचा स्टेशनवर उतरतानाचा फोटो होता, दुसऱ्याच कोणीतरी काढलेला.

बसायचं कुठे? खाली, जमिनीवर, बेसलाइनच्या मागे. उभा राहू नकोस. छतावरच्या दिव्यांनी डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो आणि उभ्याने काढलेल्या फोटोत प्रत्येक खेळाडू तीन रात्री जागल्यासारखा दिसतो. लाकडी फरशी वरचा उजेड परत वर फेकते, खालून पाहिलं की तो उजेड चेहऱ्यावर सापडतो. शिवाय खालून उडी उंच दिसते, मागे प्रेक्षकांऐवजी छताचा काळोख येतो. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कोर्ट नाटकाच्या रंगमंचासारखं उजळलेलं आणि प्रेक्षक अंधारात असतात, तिथे पार्श्वभूमीची काळजी त्यांनीच घेतलेली. तुझ्या हॉलमध्ये मागे निळ्या खुर्च्या, पाण्याचे कॅन, 'बाहेर जाण्याचा मार्ग' असा हिरवा दिवा आणि कोणाचा तरी डबा असणार. बसण्याआधी मांडी घालून एकदा फ्रेममधून बघ. एक मीटर डावीकडे सरकलास तर तो हिरवा दिवा बोर्डामागे जातो का? तो मीटर दहा लाखांपेक्षा मोलाचा.

रिंगच्या कोणत्या बाजूला बसायचं याला उत्तर एकच नाही. बहुतेक खेळाडू उजवे. उजवा खेळाडू रिंगकडे तोंड करून उजव्या बाजूने आत घुसतो तेव्हा चेंडू बाहेरच्या, उजव्या हातात असतो. तू त्याच बाजूला, अगदी जवळ बसला असशील तर लेअपच्या, म्हणजे रिंगपाशी उडी मारून चेंडू टाकायच्या, क्षणी त्याचा दंड त्याच्याच तोंडावर येतो आणि तुला बगलेचा उत्तम फोटो मिळतो. म्हणून मी साधारण दुसऱ्या बाजूला, 'डी'च्या, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या भागाच्या, बाहेर, दोन हात सरकून बसतो. पण सरावात बघून ठेव. संघात एखादा डावखुरा असेल तर सगळं उलटं. आणि जागा सारखी बदलू नकोस. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, त्यामुळे त्याच टोकाला बसून राहिलास तर दोन्ही संघ आळीपाळीने तुझ्याकडे धावत येतात.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज हे एनबीएचे संघ खेळून गेले, आठवतं का? किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे ४ आणि ५ तारखेला तिथे घरच्या कार्यासारखा थाट होता. पहिला सामना पेसर्सने जादा वेळेत १३२-१३१ असा काढला, दुसरा १३०-१०६. दुसऱ्याला मी तिकीट काढून गेलो, कॅमेरा घरी ठेवून. आणि अर्धा वेळ बेसलाइनवर मांडी घालून बसलेल्या फोटोग्राफरांकडेच बघत राहिलो. एक गोष्ट लक्षात आली. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना मागचे फोटो तपासत कोणी बसलं नव्हतं. डोळे खेळावर, लांबची लेन्स असलेला बॉडी, म्हणजे कॅमेरा, मांडीवर, छोटी लेन्स असलेला हातात. चेंडू मध्यरेषा ओलांडून यायला लागला की सगळ्यांचे खांदे एकाच वेळी जरा वर यायचे.

हे तुला शिकवायची गरज नाही, कारण हे तू लग्नात करतोस. मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं सुरू झालं की तू कुठे असतोस? अंतरपाट दूर होण्याच्या आधीच तुझी जागा धरलेली असते, फोकस नवरीच्या डोळ्यांवर, अक्षता उडणार हे माहीत असतं, कोणता मामा आडवा येणार हेही माहीत असतं. बास्केटबॉलचाही असा एक विधी आहे आणि तू तर स्वतः खेळलेला. बोर्डाच्या वरच्या शॉट क्लॉकवर २४ सेकंद चालतात. एनबीएने १९५४ साली हा नियम आणला, कारण आघाडी मिळाली की संघ चेंडू धरून वेळ काढायचे आणि प्रेक्षक जांभया द्यायचे. फोटोग्राफरासाठी याहून मोठी सोय नाही. घड्याळ पाचवर आलं की कोणीतरी फेकणारच. गार्डने बोट वर करून खूण केली की सेंटर, म्हणजे रिंगजवळचा उंच खेळाडू, 'डी'पाशी येऊन स्क्रीन लावणार, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अडवणार, आणि दोन सेकंदांत मोकळा माणूस कोण हे ठरणार. तू चेंडूच्या मागे धावतोस, असं तुझ्या फोटोंच्या वर्णनावरून वाटतं. चेंडू जिथे जाणार आहे तिथे आधी जाऊन बस.

आणि चेंडू रिंगला लागून उडाला की बोट उचलू नकोस. माझ्या मते बास्केटबॉलमधला सगळ्यात चांगला फोटो रिबाउंडचा. चार-पाच जणांचे हात वर, तोंडं वर, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर थेट दिवा. डंक दिसतो भारी, पण त्यात बऱ्याचदा चेहरा जाळीआड जातो. फ्री थ्रो कंटाळवाणा म्हणून सोडून देऊ नकोस. माणूस एका जागी उभा असतो, तेवढ्यात फोकस तपासून घे, आणि रेषेवर रांगेत उभ्या असलेल्यांचे डोळे बघ.

फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर ने. डोळा ओळखणारा ऑटोफोकस लग्नात कमाल करतो, पण इथे दहा खेळाडू आणि पंचांचे पंधरा-वीस डोळे फ्रेममध्ये फिरत असतात आणि तो बरोब्बर पंचांवर प्रेम करतो. छोटा झोन घे आणि छातीवरच्या आकड्यावर धर. ८५ एफ १.८ ला आठ मीटरवर जेमतेम मीटरभर खोली शार्प मिळते, तीही दोन बाजूंत वाटून. पाच मीटरवर ती फूट-सव्वा फुटावर येते. म्हणून ८५ मधल्या अंतरासाठी, फ्री थ्रोच्या रेषेच्या आसपास. दादाची ७०-२०० दुसऱ्या टोकासाठी आणि बेंचसाठी. रिंगखालच्या गर्दीसाठी २४-१०५ रुंद करून, एफ ४ आणि चढा आयएसओ. ते जमत नसेल तर २४-७० एफ २.८ किंवा ३५ ची एखादी उजळ लेन्स एका दिवसापुरती भाड्याने आण. भाड्याने, बरं का.

४०० चं कौतुक एका ठिकाणी करतो, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. १४ जून १९९८, सॉल्ट लेक सिटी, मायकेल जॉर्डनचा शिकागो बुल्ससाठीचा शेवटचा शॉट. शिकागो ८७-८६ असं जिंकलं. त्या शॉटचा जो फोटो सगळ्यांना आठवतो तो फर्नांडो मेडिना याने जॉर्डनच्या पाठीमागून घेतलेला. जॉर्डनचा चेहरा त्यात नाहीच. चेंडू हवेत आहे आणि समोर रिंगमागे प्रतिस्पर्धी युटाच्या प्रेक्षकांची भिंत आहे, शेकडो चेहरे. काहींना कळून चुकलंय, काही अजून देवाला हात जोडून. असा फोटो लांबून मिळतो, रिंगखाली बसून नाही. तुझ्या ७०-२०० ने दुसऱ्या टोकावरून तो प्रयत्न तू करू शकतोस. शेवटच्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं, सामना अटीतटीचा असेल तर.

दुसरा एक फोटो सांगतो, कारण तो नेहमी चुकीचा सांगितला जातो. ६ डिसेंबर २०१०, मिलवॉकी. लेब्रॉन जेम्स मागे डंकसाठी हवेत, पुढे ड्वेन वेड दोन्ही हात पंखांसारखे पसरून धावतोय. लोक म्हणतात वेडने त्याला वर चेंडू फेकून दिला. तसं नव्हतं, त्याने टप्पा देऊन मागे पास दिला होता. एपी वृत्तसंस्थेच्या मॉरी गॅशने डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्याने लेब्रॉनला धरलं होतं. हा फोटो आला तो जमिनीवर ठेवलेल्या, रुंद लेन्सच्या दुसऱ्या कॅमेऱ्यातून, रिमोटने. वेड फ्रेममध्ये आहे हे त्याला त्या क्षणी दिसलंही नसणार. नशीब म्हण, पण कॅमेरा तिथे आधीच मांडून ठेवला होता म्हणून नशिबाला जागा मिळाली.

हे वाचून तुला लगेच बोर्डाच्या काचेमागे कॅमेरा लावायची हुक्की येणार, ओळखतो मी. या मोसमात नको. ते करायचं तर हॉलवाल्यांची आणि संयोजकांची लेखी परवानगी लागते, क्लॅम्पबरोबर प्रत्येक वस्तूला, बॉडीला वेगळी आणि लेन्सला वेगळी, स्टीलची सेफ्टी केबल लागते, फोकस बास्केटच्या रिंगवर धरून टेपने बंद करावा लागतो. खाली कोणाची तरी डोकी असतात. दादाचा जुना बॉडी असेल तर जमिनीवर, बेसलाइनमागे, खेळाडूंच्या वाटेत येणार नाही अशा जागी छोट्या स्टँडवर ठेवून रिमोटने चालव. तेवढं पुरे.

खेळाडू अंगावर येईल. येतोच. पाय पुढे पसरून बसू नकोस, बॅग मागे ठेव, कॅमेऱ्याचा पट्टा मानेत अडकवू नकोस. शंभर किलोचा सेंटर घसरत आला तर कॅमेरा छातीशी धरून कुशीवर लोळ. फोटो काढायचा मोह होईल, मला एकदा झाला होता, लेन्सचं हूड आणि डाव्या हाताचं एक बोट मोडलं.

पैशाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे बोलणं झालेलं नाही. उरलेल्या दोन सामन्यांआधी लेखी विचार: किती मिळणार, क्वार्टरच्या मध्ये मोबाइलवर फोटो पाठवायचे का, आणि फोटो नंतर कोणाचे. 'तुझं नाव देऊ' हे मानधन नव्हे. क्वार्टरच्या मध्ये पाठवायचे असतील तर रॉबरोबर छोटा जेपेगही काढ आणि दोन-तीनच पाठव. आणि पुढच्या वेळी साडेअकराशे नकोत, पाचशेच्या आत राहा, हे मी सांगतोय म्हणून नव्हे तर रात्री निवडायला तूच बसणार आहेस म्हणून.

दादाला सामन्याला घेऊन जा. त्याला रिमोटवाल्या बॉडीजवळ बसव, कामाला लागला की बोलायचा थांबेल.

आणि घरातून निघताना जुनी गोधडी चार पदरी घडी घालून बॅगेत टाक. लाकडी फरशीवर दोन तास मांडी घालून बसलं की तिसऱ्या क्वार्टरमध्ये पायाला मुंग्या येतात, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी डंक मारतं.